दुसरा नारळ

आमच्या पावस गावच्या घरात ओटीवर एक लाकडी स्टूल आहे. त्याच्यावर बसायची कोणाला परवानगी नाही. दर वर्षी आंब्याचा हंगाम उघडायच्या दिवशी त्या स्टुलावर लॅपटॉप उघडून ठेवला जायचा, पुढ्यात शेंडीचा नारळ आणि विडा, बाजूला उदबत्ती. मग वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पँट घातलेला एक माणूस हात जोडून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा!" आणि आम्ही सगळ्यांनी मागून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

हे आमचे वेबसाइटवाले. राहणार रत्नागिरीत, मांडवीला. कोणाच्या नोकरीत नाहीत, कोणाशी भागीदारी नाही, एकटे बसून वेबसाइटी करायचे. बागायतदारांच्या, घरगुती राहण्याजेवण्याची सोय करणाऱ्यांच्या, कोकम-आंबापोळीवाल्यांच्या. नाव सांगत नाही, कारण त्यांना आवडायचं नाही. दोन वर्षांपूर्वी हा माणूस रत्नागिरी सोडून पुण्याला निघाला होता. खोलीची किल्ली मालकाला द्यायची तेवढी राहिली होती. गेले की राहिले ते शेवटी सांगते. आधी माणूस कसा ते ऐका, नाहीतर माझा जीव तेव्हा का खालीवर झाला होता ते तुम्हाला कळायचं नाही.

हाफ पँटचं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "वहिनी, व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकाला वरचा अर्धा दिसतो. खालच्या अर्ध्याला उगाच कशाला इस्त्री?" मुंबईच्या कंपनीत वर्षानुवर्षं पुरी पँट घालून झाली होती त्यांची. आईचे गुडघे गेले तेव्हा परत आले ते आलेच. वडील होडीवर, आई बाजारात मासळी विकायची. आता दोघंही नाहीत आणि लग्न त्यांनी केलं नाही. "दोन वेबसाइटी एकाच घरात कशाला?" म्हणायचे. ह्याचा अर्थ काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, की ह्यांचंही नवं काम बंद. कोणी डोकं आपटलं तरी घेणार नाहीत. "आमच्याकडे पावसात होडी दुरुस्त करतात, पाण्यात घालत नाहीत." ते दोन महिने जुन्या वेबसाइटी एकेक बाहेर काढून तपासायचे. कुठला फोटो जुना झाला, कुठला फोन नंबर बदलला, कोणाच्या घरी सून आली आणि आता फोन ती उचलते. माझ्या साइटवर ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मिशीचा फोटो होता. हे बोटीवर नोकरीला, तिकडे असताना ह्यांनी मिशी काढलीन्, तर ह्या गृहस्थांनी भर आषाढात फोन करून नवा फोटो मागवलान्. "गिऱ्हाईक आलं दारात आणि मिशी दिसली नाही, तर म्हणेल घर चुकलं." नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडायचे आणि दुसऱ्या दिवसापासून नवी कामं सुरू.

वेबसाइट तयार झाली की स्कूटरवरून पालीकडे जायचे. त्या रस्त्याला एका वळणावर मोबाइलला रेंजची जेमतेम एक कांडी येते. तिथं उभं राहून काच तडकलेल्या जुन्या फोनवर आपलीच वेबसाइट उघडायची आणि तोंडानं मोजायचं, एक, दोन, तीन. पाचाच्या आत उघडली नाही तर घरी येऊन फोटो कमी करायचे. एका बंगलेवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, माझ्या साइटवर उडते पक्षी पाहिजेत, लाटा हलल्या पाहिजेत. हे त्याला मागे बसवून त्या वळणावर घेऊन गेले. एस्टी आली, गेली, पक्षी काही उडाले नाहीत. "गिऱ्हाईक गादीवर लोळत नसतं साहेब, एस्टीत एका हातानं दांडा धरून उभं असतं," एवढंच म्हणाले. पक्षी गेले.

साइट उघडल्या उघडल्या 'तुमचा नंबर द्या' म्हणून चौकट पुढे येते ना, त्याचा तर त्यांना मनस्वी राग. "पाव्हण्यानं ओटीवर पाय ठेवला नाही तोच त्याला नाव, गाव, पगार विचारता? आधी गूळपाणी द्या की!" 'फक्त दोन पेट्या शिल्लक' असं खोटं लिहायला मी एकदा सुचवलं होतं, सगळे लिहितात म्हणून. माझ्याकडे असं बघितलंन् की मी उठून चहा टाकायला आत गेले. उलट माझ्या साइटवर त्यांनी काय टाकलंन् माहीत आहे? 'दुपारी एक ते चार आम्ही झोपतो. फोन लावू नये.' मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आता कोण येतंय गिऱ्हाईक! तर पुण्या-मुंबईची माणसं चारला पाच मिनिटं असताना मेसेज करून विचारायला लागली, "उठलात का काकू?" ती अजून माझी गिऱ्हाइकं आहेत.

आणि गाऱ्हाणं. सगळ्या मुलखात हा एकच माणूस असा असेल. गाऱ्हाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोराबाळांना ठाऊक असतं. एकानं सगळ्यांच्या वतीनं देवापुढे बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. ह्यांनी काय केलं, तर वेबसाइटवर लिहायचं प्रत्येक वाक्य गाऱ्हाण्यात घातलं. देवापुढे नारळ ठेवून मालकाला ज्या वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणता येईल तेवढंच लिहायचं. जीभ अडखळली की ते वाक्य बाद. माझी मैत्रीण गणेशगुळ्याच्या बाजूला चार खोल्या भाड्यानं देते. तिनं लिहून दिलं होतं, 'समुद्र दोन मिनिटांवर.' नारळापुढे ते वाक्य आलं आणि बाई एकदम गप्प. शेवटी साइटवर गेलं ते असं: 'समुद्र वीस मिनिटांवर. परत येताना चढ आहे. वर आलात की सोलकढी तयार असेल.' तिच्या खोल्या मे महिन्यात मिळत नाहीत, बघा जाऊन.

माझ्या वेळची तर वेगळीच गंमत. पहिल्यांदा साइट उघडायची म्हणून मी पैठणी नेसलेली, सासूबाई पाटावर, दीर मागे उभे. वेबसाइटवाल्यांनी सुरू केलंन्. "बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ह्या बाईनं आज तुज्या पायाशी दुकान मांडलान् हाय!" "व्हय म्हाराजा!" "हिच्या बागंतला आंबा गवताच्या अढीत पिकतो, पावडरीत नाय!" "व्हय म्हाराजा!" "हिचा आंबा पुण्याला जातो, नाशकाला जातो, चंद्रावर पन जातो!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा.

ह्यांनी लॅपटॉप मिटलान्.

"वहिनी, आयुष्यभर तुम्ही देवळात न ऐकताच व्हय म्हणत आलात. मी पण तसाच. इथं ऐकून म्हणायचं. उद्या परत येतो. आजचा नारळ फुकट गेला, त्याची सोलकढी करा. दुसरा नारळ चुकला त्याचा." म्हणजे माझा. मी इतकी संतापले! सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी नवा नारळ आणला, प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे खरोखरच सांगण्यासारखं काय काय आहे. चौदा वर्षं कलमांना पाणी घालत होते, पण असं ते एकेक करून कोणी माझ्यापुढे मांडलं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. आधी धुकं, मग अवेळी ऊन, मोहोर काळा पडून गळून गेला. साइटवर गिऱ्हाइकांनी नावं लावून ठेवलेली आणि झाडावर बघावं तर पानंच पानं. दीर म्हणाले, "बाहेरनं क्रेट आणू. गवत आपलं, पेटी आपली, पेटीवर नाव आपलं. खाणाऱ्याला काय कळतंय?" मी नाही म्हटलं नाही. लपवत नाही, मी नाही म्हटलं नाही. माणसं तुटतील, पुढच्या वर्षी परत येणार नाहीत, ही एकच भीती होती.

हंगाम उघडायच्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे आले. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. नारळ ठेवला, नेहमीची वाक्यं सुरू झाली. "पेटीतला दर आंबा ह्याच कातळावरचा, ह्याच कलमांचा हाय म्हाराजा!"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. दीर खाली बघायला लागले. सासूबाई माझ्याकडे. ते हात जोडून तसेच उभे राहिले, वाक्य परतसुद्धा म्हटलं नाही. उदबत्तीची राख पडली तेवढी दिसली. मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हा माणूस आपली वेबसाइट बंद करून निघून जाईल. ते खाली बसले, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, "मग काय खरं हाय ते बोला. मी लिवतो."

मी बोलत गेले, ते लिहीत गेले. 'यंदा मोहोर जळला. आंबा फार थोडा आहे. आधी ज्यांनी नाव लावलं त्यांना थोडा थोडा पाठवू. बाकीच्यांनी रागावू नये.' खाली काळ्या मोहोराचा फोटो. आंबा विकणाऱ्या वेबसाइटवर जळक्या मोहोराचा फोटो कोणी टाकतं का हो? मी टाकला. सोलापूरच्या एका निवृत्त बाईंचं उत्तर सगळ्यांत आधी आलं: 'थांबतो. आमच्या वाट्याचे आंबे लहान मुलं असलेल्या घरी पाठवा.' फोन हातात धरून मी ओटीवर बसून राहिले. पुढच्या वर्षी एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही. पाठीचा कणा आपला असतो म्हणतात, पण माझा त्या दिवशी ह्या माणसानं सरळ केलान्. हे मी कोणालाही सांगते, आणि मान वर करून सांगते.

आता एवढं असून माणसाला काम कमी का पडावं? तर दिवस बदलले. आधी रील आलं. ते म्हणायचे, "रील म्हणजे जाखडीचा नाच. बघायला सगळा गाव जमतो, जमूदे. पण मनीऑर्डर घराच्या पत्त्यावरच येते ना?" लोकांना ते पटायचं, पण वळायचं नाही. मग ती पाच मिनिटांत वेबसाइट करून देणारी यंत्रं आली. ह्यांना त्यांचा राग नव्हता हं. स्वतः वापरायचे. "खालचं किचकट काम झ्याक करतंय," म्हणायचे. एकदा माझ्यासमोर त्या यंत्राला माझ्या बागेबद्दल लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं, 'निसर्गरम्य कोकणच्या कुशीत वसलेली, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा जपणारी' आणि आणखी काय काय. ह्यांनी विचारलं, हे सगळं खरं आहे ना? ते म्हणालं, हो, अगदी खरं. ह्यांनी विचारलं, आंबा चंद्रावर जातो, हेही लिहायचं ना? तेही छान सजवून लिहून दिलंन्. "बघितलंत वहिनी? हे कशाला पण व्हय म्हाराजा म्हणतं."

हसलो आम्ही. पण त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर त्यांच्याकडे नवी कामं आली दोन. त्यातला एक पालीचा व्यापारी गाऱ्हाण्यातनं अर्ध्यावर उठून गेला. बाजारात म्हणत सुटला, पैसे देऊन वर परीक्षा कोण देणार? आणि माघात माझ्या मैत्रिणीचा फोन आला: ते पुण्याला चालले. तिथल्या कंपनीनं बोलावलंय. खुर्ची, पगार, सगळं. सोमवारी किल्ली देणार आहेत.

मला काय वाटलं विचारू नका. आधी राग आला. मग वाटलं, अगो, तुझा काय हक्क? त्याच्या पोटाचं तू बघणार आहेस का? नुसत्या मायेवर कोणाची चूल पेटत नाही. मग मी आणि मैत्रीण फोनला बसलो. दोन दिवस. कोणाला नवी साइट हवी, कोणाची जुनी मोडलीय, कोणाला यंत्रानं करून दिलेली आहे पण फोन एकसुद्धा येत नाही. तीन कामं पक्की मिळाली. आणि ध्यानात आलं की ह्या माणसाची स्वतःची वेबसाइट कुठंच नाही! जगाला दाखवायचं तरी काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मग आम्ही दोघींनी ती केली. त्याच पाच मिनिटांच्या यंत्रावर केली, काय करणार, पण त्यातलं एक वाक्यही त्याला लिहू दिलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघी आणि सासूबाई मांडवीला त्यांच्या खोलीवर. पुस्तकं खोक्यात भरलेली. एका खोक्यावर मी लॅपटॉप उघडला, नारळ ठेवला. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालू नये म्हणतात. मेलं कोणी सांगितलान्? मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

सवयीनं त्यांचेही हात जुळले, डोळे मिटले. "व्हय म्हाराजा."

"हा मांडवीचा माणूस वेबसाइटी करतो!" "व्हय म्हाराजा!" "पावसात नवं काम घेत नाय!" "व्हय म्हाराजा!" "खोटं लिवत नाय, दुसऱ्याला लिवू देत नाय!" इथं ते जरा थांबले. "व्हय म्हाराजा." मी वेग वाढवला. "वळणावर जाऊन साइट तपासतो!" "व्हय म्हाराजा!" "ह्याला तीन नवी कामं मिळाली हायत!" "व्हय म्हाराजा!" "आणि हा माणूस मांडवी सोडून कुठं जात नाय!"

"व्हय म्हाराजा!" केवढ्यांदा तरी!

मग डोळे उघडले. "वहिनी, फसवलंत," म्हणाले.

"फसवलं नाय. तुम्ही ऐकलं नाय." मी लॅपटॉप मिटला. "न ऐकता म्हटलेलं चालत नाही, नियम तुमचाच. आजच्या नारळाची सोलकढी करा. वाक्य खोटं असलं तर मी खोडून टाकीन. खरं असलं तर दुसरा नारळ चुकला त्याचा." आणि तिघी बाहेर पडलो. जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, "जास्त बोललीस गो." मलाही तेच वाटत होतं.

सोमवारी सकाळपासून मी ओटीवर. नऊ झाले, दहा झाले. तांदूळ निवडायला घेतले होते, तेच तेच तीनदा निवडले. अकराच्या सुमाराला स्कूटरचा आवाज आला. बघते तर काय, अंगावर पुरी पँट! इतक्या वर्षांत मी त्यांना पुऱ्या पँटमध्ये बघितलं नव्हतं. म्हटलं, निघाले. निरोप घ्यायला आलेत.

त्यांनी स्कूटर लावली, डिकी उघडली आणि आतून नारळ काढलान्. सोललेला, शेंडी ठेवलेला.

"देवापुढे यायचं म्हणून पँट घातली," म्हणाले. "पुण्याला फोन करून नाय म्हटलं. पन वहिनी, ते वाक्य परत म्हणा. ऐकून व्हय म्हणायचंय."

मी स्टूल पुढे ओढलं, लॅपटॉप उघडला. नारळ त्यांनी स्वतः ठेवला. सगळी वाक्यं पहिल्यापासून म्हटली, एकही गाळलं नाही. मग शेवटचं म्हटलं. "हा माणूस मांडवी सोडून कुठं जात नाय, म्हाराजा."

त्यांनी नारळाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पाटावरून सासूबाई ओरडल्या, "मोठ्यानं म्हण रे मेल्या, देवाला ऐकू गेलं नाय!"

मग ते असे ओरडले, की खालच्या बागेत कलमांना पाणी घालणारे दीर तिथूनच ओरडले, "व्हय म्हाराजा!"